चार तारे, तेही डॉक्टर मॅडमसाठी

बायोप्सीचं सेकंड ओपिनियन हवं असेल तर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या लॅबमध्ये जरूर जा. फक्त काउंटरवरच्या बेनकडून गोड बोलण्याची अपेक्षा नको.

हिला जुना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण), अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात एकच, रेखीव कडांचा व्रण निघाला. दुसऱ्या एका लॅबने दोन ओळींत 'हॉजकिन लिंफोमाची शक्यता', म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, लिहून आमची झोप उडवली. पोटाचे डॉक्टर म्हणाले, केमोचं नंतर बघू, आधी हे दुसरीकडे दाखवा.

इथल्या मॅडमनी नुसत्या स्लाइडवर भागवलं नाही, बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकच मागवला. रिपोर्ट देताना मला मायक्रोस्कोपपाशी बसवून सगळं दाखवलं. व्रणाच्या तळाशी मोठमोठ्या पेशी, काहींत दोन-दोन केंद्रकं. हॉजकिनमध्ये असतात तशाच, त्यामुळे आधीच्या लॅबची शंका अगदीच वावगी नव्हती. पण हा सगळा पसारा वरवरचा, आणि त्याच्या खाली शेताला बांध घालावा तशी बारक्या टी-लिंफोसाइट्सची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) पट्टी. ईबीईआर या विषाणू शोधणाऱ्या तपासणीच्या स्लाइडमध्ये त्याच मोठ्या पेशींची केंद्रकं गडद रंगलेली, म्हणजे आत एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही). सीडी३० हे पेशींवरचं प्रथिनही पॉझिटिव्ह. कोलायटिसवाल्यांत आधी ज्याचा संशय येतो त्या सायटोमेगॅलोव्हायरसची तपासणी निगेटिव्ह.

निदान झालं ईबीव्ही-पॉझिटिव्ह म्यूकोक्यूटेनियस अल्सर, म्हणजे या विषाणूमुळे त्वचेवर किंवा आतल्या अस्तरावर होणारा व्रण. तोंडात-घशात जास्त होतो, आतड्यात क्वचित. वेगळा आजार म्हणून तो २०१० मध्ये, २६ रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. औषधांनी किंवा वयाने प्रतिकारशक्ती दबली की हा विषाणू डोकं वर काढतो. औषध कमी केलं की बऱ्याच जणांत व्रण आपसूक भरतो. अर्थात सगळ्यांचंच असं होत नाही, म्हणून स्कॅन करून गाठी नाहीत ना ते बघा, असंही मॅडमनी रिपोर्टात लिहिलं. स्कॅन स्वच्छ निघाला, अ‍ॅझाथायोप्रिन बंद झालं, आणि पुढच्या कोलोनोस्कोपीत व्रण भरत आलेला दिसला. केमोचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता पाचवा तारा का कापला ते. ईबीईआर बाहेरगावी पाठवतात आणि त्याचे पैसे वेगळे, हे पावती फाडल्यावर कळलं. विचारलं तर बेन म्हणाल्या, "काका, बोर्डावर लिहिलंय." बोर्ड दाराच्या मागे! दुचाकी सूरसागरच्या बाजूलाच कुठेतरी लावा, गल्लीत जागा मिळत नाही. आणि काम झालं की ब्लॉक आठवणीने मागून घ्या, आपणहून कोणी हातात देत नाही.