न्यूयॉर्कला मुंबईहून जावं की दोह्यावरून?

लेकीचं बाळंतपण अमेरिकेत ठरलं की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावांत पहिला प्रश्न तिकिटाचा येतो. माझे आई-बाबा दोन्ही वाटांनी जाऊन आले, म्हणून लिहितो.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्राकडे वळतच नाही. रशियावरून वर चढतो, आइसलँडवरून ग्रीनलँडच्या टोकाशी अटलांटिक ओलांडतो. प्रत्यक्षात विमानाला बंद आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. येताना थोडे कमी, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा तेव्हा पाठीशी असतो.

दोह्याची, म्हणजे कतारच्या राजधानीवरून जाणारी वाट लांब आहे. नागपूर-दोहा २,८०० आणि दोहा-न्यूयॉर्क १०,८००, म्हणजे हजारभर किलोमीटर जास्त. सव्वाचार-साडेचार तास, मधला थांबा, मग चौदा तास.

तरीही पहिल्यांदाच दोघंच निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना मी दोहाच सांगेन. मुंबईचे सोळा तास मोजताना आपण गावापासून मुंबई मोजतच नाही. बाबांनी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली, रात्रभर प्रवास, सकाळी मुंबई, मग नातेवाइकाकडे दिवसभर बसून रात्री विमानतळ. विमानात बसेपर्यंतच माणूस अर्धा झाला होता. उतरल्यावर फोनवर पहिलं वाक्य, "टोंगळे (गुडघे) आखडले रे बाप्पा." नागपूरहून मुंबईला विमानानं गेलात तर दीड तास, पण तिकिटं वेगळी काढली असतील तर बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरं थांबत नाही.

दोह्याच्या खेपेला गाडीनं अडीच तासांत सोनेगाव, म्हणजे नागपूरचं विमानतळ गाठलं. पासपोर्टवर शिक्का तिथंच. बॅगा दिल्या त्या थेट न्यूयॉर्कला दिसल्या. मध्ये पाय मोकळे झाले, हे गुडघेदुखीला फार मोठं. फक्त व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा आणि थांबा अडीच तासांपेक्षा कमी घेऊ नका. दोह्याचं विमानतळ फार मोठं आहे.

सोबत जाणतं माणूस असेल, किंवा मुंबईत मुक्कामाला घर असेल, तर थेट विमानच बरं. दिल्लीहून अंतर आणखी कमी, ११,७५० च्या आसपास. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर तिथला वेळही वाढला. तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचा एकूण वेळ बघूनच घ्या.

तिकिटावरची उतरण्याची वेळ तिकडची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. आईनं हे वहीच्या पानावर लिहून, खाली लेकीचा पत्ता आणि नंबर इंग्रजीत घालून, पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं होतं. ते पान न्यूयॉर्कच्या रांगेत अधिकाऱ्यानं पत्ता विचारला तेव्हा कामी आलं.