टीपी-लिंक आर्चर टी२यू प्लस: लिनक्सवाल्यांनी आधी कर्नल बघावा

हा यूएसबीत खोचायचा वायफाय डाँगल. खोक्यावरच्या ‘एसी६००’ला भुलू नका. २.४ गिगाहर्ट्झचे २०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ४३३ एमबीपीएस मिळवून केलेला तो आकडा आहे आणि एका वेळी चालतो एकच बँड. त्यातून डाँगल यूएसबी २.० चा. ५ डीबीआयची अँटेना मात्र कामाची. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर नखाएवढ्या नॅनो डाँगलपेक्षा हाच बरा.

आत रिअलटेकच्या ८८११एयू-८८२१एयू घराण्यातली चिप आहे आणि लिनक्सवर सगळं घोडं तिथेच अडतं. तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला ६.१३ पासून. त्यामुळे उबुंटू २५.०४ किंवा मिंट २२.२ या लिनक्सच्या आवृत्त्यांवर डाँगल खोचायचा, नेटवर्क निवडायचं, संपलं. डेबियन १३ चा कर्नल ६.१२, उबुंटू २४.०४ चा मूळचा ६.८, तिथे वायफायची यादी रिकामीच राहते. म्हणून आधी टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ (uname -r) ही कमांड देऊन कर्नल बघा. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ (lsusb) कमांडमध्ये या डाँगलचा २३५७:०१२० हा क्रमांक दिसत असेल तर डाँगल धडधाकट आहे, उगाच परत पाठवू नका.

२४.०४ वर सोपा उपाय म्हणजे ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ (linux-generic-hwe-24.04) हे पॅकेज टाकून नवा कर्नल घेणं. त्यासाठी नेट लागतं आणि नेटसाठीच तर हा खटाटोप! फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणं) सुरू करा, तेवढ्यावर भागतं.

कर्नल बदलायचा नसेल तर गिटहबवरचा ८८२१एयू ड्रायव्हर डीकेएमएसमधूनच बसवा; नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार करणारी ही सोय. नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ केलंत तर पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय गायब. चालू कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइल्स) नसतील तर बिल्ड पहिल्याच पायरीवर फसतं. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर रोखणारी सोय) सुरू असेल तर रीबूट होताना निळा पडदा येतो; तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर बसलेला असूनही लोड होत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुतते. पुढे ६.१३ किंवा त्यानंतरच्या कर्नलवर गेलात की हा बाहेरचा ड्रायव्हर आठवणीने काढा, नाहीतर दोन्ही ड्रायव्हरांची एकाच डाँगलवरून ओढाताण होते.

नवा कर्नल असेल तर खुशाल घ्या. डेबियनवाल्यांनी मात्र मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा डाँगल शोधावा. त्याचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्येच आहे, फक्त मीडियाटेकचं फर्मवेअर पॅकेज टाकलेलं हवं.