बिजागरीचा लांब नी ब्रेस आणि कोपर-कुबड्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर कशासाठी ते आधी. डोंगरउतारावर मुरमात पुढचं चाक घसरतं, सायकलस्वार पाय खाली टेकवतो आणि अंगाचा सगळा भार सरळ गुडघ्यावर येतो. मांडीचं हाड नडगीच्या माथ्यावर आदळून तो माथा खचतो. डॉक्टरांच्या भाषेत टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर. प्लेट-स्क्रू बसतात आणि साधारण सहा ते बारा आठवडे पाय टेकायचा नसतो. हा अनुभव छत्रपती संभाजीनगरात, जानेवारीअखेरच्या ऑपरेशनपासून सप्टेंबरपर्यंतचा. गुडघा किती वाकवायचा आणि वजन कधी टाकायचं ते मात्र ज्याचे त्याचे सर्जनच ठरवणार.

या काळात गुडघ्याला आधार देणारा ब्रेस साधारण चार हजारांचा. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, बिजागरीवर गुडघा किती वाकू द्यायचा ते ठरवणारा डायल, मांडीला दोन आणि पोटरीला दोन पट्टे. मुख्य तक्रार सगळ्यांची एकच: खाली सरकतो. मांडी वरून खाली निमुळती आणि न वापरल्यामुळे महिन्याभरात आणखी बारीक झालेली, त्यामुळे सरकणारच. मात्र निम्मा दोष बांधण्याच्या क्रमाचा असतो. पाय सरळ ठेवायचा, बिजागरीचा मध्य गुडघ्याच्या वाटीच्या मध्याच्या रेषेत आणि बाजूने पाहिल्यास किंचित मागे आणायचा. पहिला पट्टा गुडघ्याखालचा, पोटरीच्या फुगवट्याच्या वर. ब्रेस तिथेच अडकून राहतो. मग गुडघ्यावरचा, आणि शेवटी टोकाचे दोन. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत.

याच पहिल्या पट्ट्यात एक धोका आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचं एक छोटं टेंगूळ हाताला लागतं. त्याला वळसा घालून पायाची नस (मज्जातंतू) जाते. पट्टा तिथे रुतला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पुढे पाऊल वर उचलेनासं होतं. मुंग्या आल्या की पट्टा लगेच सैल करायचा आणि टेंगळाच्या वर-खाली मऊ पॅड लावून मधली जागा मोकळी ठेवायची. दुकानदार हे सांगत नाहीत.

डायलवर ९० अंश लावले म्हणजे गुडघा ९० अंश वाकतोच असं नाही. आतला फोम दबतो, आठ-दहा अंश इकडे-तिकडे होतातच. खरा कोन फिजिओकडून मोजून घ्यावा.

एप्रिल-मेमध्ये, पारा ४० च्या वर असताना, फोमच्या ब्रेसनं नाकी नऊ येतात. आत सुती स्टॉकिनेट (मोज्यासारखी नळी) घालायची आणि अस्तराचे दोन जोड ठेवायचे. धुतलेला जाड फोम कूलरसमोरही रात्रभर ओला राहतो. धुण्याआधी वेल्क्रो बंद करायचा, नाहीतर त्यात दोरे अडकून तो महिन्याभरात पकड सोडतो. अडकलेले दोरे जुन्या टूथब्रशने निघतात. डायलमध्ये घाम आणि धूळ साचून बटण अडतं. तेल सोडू नये, त्यावर आणखी धूळ बसते. ओल्या फडक्यानं पुसणं पुरतं.

कुबड्यांबद्दल थोडक्यात. पायात चप्पल घालून उभं राहिल्यावर कुबडीची मूठ मनगटाच्या घडीला यावी, कोपर २०-३० अंश वाकलेलं राहावं. कुबडीच्या टोकाचा रबरी बूट झिजला की आतली लोखंडी चकती वर येते आणि ओल्या शहाबादी फरशीवर कुबडी सुटते. नळीची जाडी मोजून नवे बूट आधीच आणून ठेवा. पावसाळ्यात काळी माती बुटाच्या खाचांत भरते, दारातच खरवडून काढावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. ‘२० किलो वजन टाका’ हे अंदाजानं जमत नाही. वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून दाबायचा, आकडा पाहायचा. आठवडाभरात पायाला ते कळायला लागतं.

कामावर परतताना ब्रेसपेक्षा खुर्ची महत्त्वाची निघाली. अकराव्या आठवड्यात वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बैठं काम सुरू केलं. समोर स्टूल ठेवायचं आणि उशी टाचेखाली घ्यायची. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण तीच सवय गुडघा वाकडा ठेवते आणि शेवटचे पाच-दहा अंश सरळ व्हायला महिने जातात. दर पाऊण तासानं उठायचं, बसल्या बसल्या घोटा हलवत राहायचं. संध्याकाळची सूज सकाळी उतरली तर ठीक. पोटरी एका जागी दुखून लाल, गरम झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताच्या गुठळीची शंका असते.

फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं ‘फिट’ लिहून घेऊ नका. सुपरवायझर दुसऱ्याच दिवशी लाइनवर उभं करतो. सलग किती वेळ उभं राहता येईल, शिडी नको, वजन उचलणं नको, पुढची तपासणी कधी, हे सगळं त्यावर हवं. ईएसआयसीवाल्यांसाठी (कर्मचारी राज्य विमा असलेल्यांसाठी): रविवारच्या सायकलिंगमधली दुखापत कामावरची धरत नाहीत. म्हणजे पगाराच्या ९० टक्क्यांचा अपंगत्व लाभ नाही, आजारपणाचा ७० टक्क्यांचा लाभ मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि आजारपणाच्या सर्टिफिकेटमध्ये खंड पडू देऊ नये.

चौथ्या महिन्यानंतर ब्रेस निरुपयोगी. सर्जननं काढायला सांगूनही धीर वाटतो म्हणून घालत राहिलं की मांडीचा स्नायू आळशीच राहतो. वाटीच्या दहा सेंटिमीटर वर टेपनं दोन्ही मांड्या दर रविवारी मोजा; आमच्याकडे फरक साडेचार सेंटिमीटरवरून दीडवर यायला सप्टेंबर उजाडला. घरातल्या स्थिर सायकलवर पूर्ण पॅडल फिरायला गुडघा ११० अंशांच्या आसपास वाकावा लागतो. तोवर सीट उंच करून अर्धे फेरे.

ब्रेसला पाचपैकी साडेतीन, कुबड्यांना चार. अर्धा गुण दुकानदाराचा कापला: सुटं अस्तर वेगळं मिळत नाही, हे त्यानं पैसे घेतल्यावर सांगितलं.