दीड किलोचं बाळ आणि न गळणारा डायपर: आम्ही चार पाकिटं फोडली त्याचा हिशोब

डिसेंबरात आमची पोरगी बत्तिसाव्या आठवड्यातच झाली, वजन १ किलो ४८० ग्रॅम. जळगावला सव्वीस दिवस पेटीत होती, मग १ किलो ७५० झाल्यावर घरी सोडलं. घर म्हणजे तापीच्या पलीकडे, यावल तालुक्यात, चारी बाजूंनी केळीचे बाग, आणि जानेवारीतली पहाट म्हणजे काय गारठा असतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको. सुट्टी होताना औषधं, थेंब, दुधाचं माप सगळं लिहून मिळालं पण डायपर कुठला आणायचा हे कोणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण ती कळली असती तर माझे निम्मे पैसे वाचले असते. दवाखान्यात सिस्टर ओला डायपर लगेच फेकून द्यायच्या नाहीत. छोट्या काट्यावर ठेवायच्या, कोऱ्या डायपरचं वजन वजा करायच्या आणि चार्टवर आकडा लिहायच्या. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली सू, असा हिशोब. आमच्या बाईसाहेबांचे आकडे तीन तासाला आठ, दहा, फार झालं तर बारा. म्हणजे दोन-अडीच चमचे! आता दोन चमचे पाणी कुठलाही फालतू डायपरसुद्धा पितो. मी घरी येऊन सिरिंजने चारही कंपन्यांच्या डायपरवर ६० मिली पाणी ओतलं, पाच मिनिटांनी वर टिश्यू दाबला, चारही पास. तरी बाळाला घातले की त्यातले दोन गळायचे. जाहिरातीत रात्रभर सुका, बारा तास सुका वगैरे जे सांगतात ना, ते आपल्या कामाचंच नाही, एवढुश्या बाळाचा डायपर भरून गळत नाही, मांडीच्या फटीतून गळतो.

पहिलं पाकीट गावातल्या मेडिकलमधून आणलं. एनबी आहे ना ताई, नवीन बाळाचाच आहे, बिनधास्त घ्या, असं म्हणून त्यांनी पँटवाला दिला. घरी येऊन पाकीट वाचलं तर पाच किलोपर्यंत. पाच किलोत आमच्या जवळपास तीन पोरी बसल्या असत्या. मांडी माझ्या अंगठ्याएवढी, आणि डायपरच्या भोकातून माझी दोन बोटं आरामात आत. शिवाय पँट पायातून वर ओढायची म्हणजे त्या काडीसारख्या पायांना किती ओढाताण, टाचेवर रक्त काढल्याच्या टोचण्या अजून दिसत होत्या, मला तर हातच लावावासा वाटेना. कमी वजनाच्या बाळाला पँट टाइप घेऊच नका, कुठल्याही कंपनीचा. टेपवालाच घ्या, पोट जेवढं तेवढा आवळता येतो.

दुसरे म्हणजे होलसेलवाले सुटे पीस, शेकड्यावर मिळतात ते. आमच्या ह्यांना स्वस्तात मिळाले म्हणून दीडशे आणले. टेप होती, पण पाठीला इलॅस्टिक नाही आणि मधला भाग एवढा रुंद की पोरगी बेडकासारखी पाय फाकवून पडायची. आईच्या दुधावरच्या बाळाची शी म्हणजे पातळ पिवळं पाणीच, ते सरळ पाठीवरून मानेपर्यंत. उरलेले आता मिक्सरखाली ठेवायला वापरतेय.

मधल्या काळात सासूबाईंचं चालूच होतं, अवं माय तिले लुगड्याचं लंगोट बांध, हे कागदाचं राहू दे. लंगोटाला मी वाईट म्हणणार नाही. दुपारी अंगणात ऊन असताना मऊ जुन्या लुगड्याचं लंगोट झकास, अंगाला हवा लागते, सू झाली की लगेच कळतं. पण आम्हाला दिवसातून जमेल तेवढा वेळ कांगारू द्यायला सांगितलेलं, म्हणजे बाळाला फक्त टोपडं, मोजे आणि डायपर घालून उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. हे आईनेच करायला पाहिजे असं काही नाही, घरातलं कोणीही करू शकतं, तर एका पहाटे सासूबाईंनी घेतलं. लंगोट बांधून. पंधरा मिनिटांत त्यांचं लुगडं, पांघरूण, बाळाचं पोट, सगळं ओलं गार. अशा बाळांच्या अंगावर चरबी नसते, ओलं झालं की पटकन गार पडतात, पाय निळसर दिसायला लागले तशी म्हातारी घाबरली. पुसून, कोरडं करून परत छातीशी धरली आणि मला ओरडल्या, तिचं ते कागदाचं आन व आधी! त्या दिवसापासून कांगारूला आणि रात्री डायपर, दुपारी लंगोट, असा समझोता.

तिसरं पाकीट प्रीमी साइजचं, म्हणजे वेळेआधी झालेल्या बाळांच्या मापाचं, ऑनलाइन. आमचे हे रात्री मोबाइलवर शोधत बसायचे, त्यात त्यांना सापडलं की पॅम्पर्सने २०१६ साली अमेरिकेत पी-थ्री नावाचा डायपर काढला, साधारण ८०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांसाठी. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये अशी साइज मागितली की माणूस आपल्याकडेच बघतो. आम्ही मागवला तो पावणेतीन किलोपर्यंतचा, एक पीस जवळपास चाळीस रुपयाला पडला, यायला नऊ दिवस. पण बसला मात्र असा की काय सांगू! मध्ये अरुंद, मांडीला घट्ट नाही पण फटही नाही, पुढून बेंबीच्या खालीच थांबतो. एकदाही गळला नाही. फक्त दिवसाला आठ डायपर म्हणजे तीनशे वीस रुपये, केळीला भाव नसताना हे परवडत नाही.

मग चौथा, आणि शेवटी हाच टिकला. साधा टेपवाला एनबी, पाठीला इलॅस्टिक असलेला, जळगावच्या फुले मार्केटमधल्या एका छोट्या दुकानातून. दुकानदार मावशींनी आख्खं पाकीट गळ्यात मारलं नाही, तीन कंपन्यांचे दोन-दोन पीस सुटे दिले, आधी घालून बघ म्हणाल्या, मग ये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाळागणिक मांडी वेगळी, तुम्हीही असेच सुटे पीस मागा. घेताना मधली रुंदी बघा, पाठीचं इलॅस्टिक ओढून बघा, आणि मांडीपाशी आतली झालर उभी राहते का ते बघा.

पाच किलोवाला पावणेदोन किलोच्या बाळाला कसा बसवायचा ती युक्ती सिस्टरांची. पुढचा भाग बाहेरच्या बाजूला दोन बोटं दुमडायचा, बेंबी उघडी राहते आणि उंचीही कमी होते. टेपा सरळ लावायच्या नाहीत, खाली मांडीकडे तिरक्या, एकीवर एक चढली तरी चालतं. मग बोट फिरवून मांडीभोवतीची झालर बाहेर काढायची, ती आत दुमडलेली राहिली की गळणारच, माझ्या दहातल्या सात गळत्या निव्वळ यामुळेच होत्या. पोटापाशी एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची. आणि बदलताना दोन्ही पाय धरून वर उचलायचे नाहीत, कुशीवर वळवून खालून सरकवायचा, दूधही वर येत नाही. मुलगा असेल तर त्याची शूची जागा खालच्या दिशेला करून टेप लावा, नाहीतर बेंबीपाशीच कारंजं.

डायपरवरची मधली पिवळी रेघ निळी झाली की ओला. पण रेघेच्या भरवशावर बसू नका, शी झाल्याचं ती सांगत नाही. आम्ही दर दूध पाजण्याआधी बदलतो. दिवसाला सहा-आठ ओले व्हायला पाहिजेत, एकदम कमी झाले तर डायपर भारी निघाला म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना फोन करा. वासाचे वाइप्स आणि पावडर आमच्याकडे बंद, कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसते, कातडी एवढी पातळ की नुसतं घासलं तरी लाल होते.

चौथा आम्हाला साडेदहा रुपयाला एक पडतो. छोटंच पाकीट घ्या, २४ वालं, वजन वाढायला लागलं की माप बदलतं. आता पोरगी ३ किलो १०० आहे, परवा पहिल्यांदा पुढची घडी न घालता टेप लावली, तर बरोबर बसली. प्रीमीचे अकरा पीस उरलेत, फैजपूर-सावद्याकडे कोणाला लागत असतील तर सांगा, देऊन टाकते.