ब्रुकलॅडीच्या तीन व्हिस्क्या आणि धुराचा आकडा

पहिलं उच्चाराचं सांगतो. स्कॉटलंडच्या ज्या बेटावर आम्ही व्हिस्की चाखायला गेलो त्याचं स्पेलिंग बघून आपण इस्ले म्हणतो पण तिकडे सगळे म्हणतात आयला. हो, आयलाच. त्यामुळे महिनाभर आमच्या घरात "आयला कधी जायचं", "आयलाची फेरी बुक केलीस का" असंच चाललेलं, पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल चालू असताना पण. तिथल्या डिस्टिलरीचं, म्हणजे व्हिस्कीच्या कारखान्याचं, नाव लिहितात फार अवघड, वाचायचं मात्र सरळ ब्रुकलॅडी.

ग्लासगोहून गाडीने केनाक्रेग, तिथून गाडीसकट फेरी बोट, साधारण सव्वादोन तासात बेटावरचं पोर्ट एलन. धक्का जवळ आला की किनाऱ्यावरच्या पांढऱ्या भिंतींवर ढब्ब्या काळ्या अक्षरात आर्डबेग, लागावुलिन, लाफ्रॉइग अशी डिस्टिलऱ्यांची नावं दिसायला लागतात, आणि कळस दिसल्यावर वारकऱ्याचं होतं तसं काहीसं माझं झालं, माफ करा पण झालं. तरी आम्ही त्या तिघींना सोडून बेटाच्या पश्चिमेला गेलो कारण ब्रुकलॅडीत एकाच छपराखाली तीन वेगळ्या व्हिस्क्या बनतात: ब्रुकलॅडी (बिनधुराची), पोर्ट शार्लट (चांगली धुरकट) आणि ऑक्टोमोर (आकडा ऐकून घाबरायचं ती). तीच जागा, तीच भांडी, फरक मुख्यतः धुराचा. तुलना करायला याहून सोयीचं काय असणार.

हा धूर येतो कुठून, तर सातू भिजवून मोड आणतात आणि मग भट्टीवर वाळवतात, तेव्हा खाली पीट जाळलं की धुरातले फिनॉल (धुराचा वास देणारी रसायनं) दाण्याच्या टरफलाला चिकटतात. पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत कुजत पडलेलं गवत-शेवाळ, विटांसारखं कापून वाळवायचं आणि जाळायचं. धूर मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती. पोर्ट शार्लटचा सातू 40, ऑक्टोमोरचा 80 च्या वर कितीही, 8.3 नावाच्या आवृत्तीला तर 309.1 होता. बाटलीवर हा आकडा मिरवतात पण ग्यानबाची मेख अशी की तो मोजलेला असतो सातूवर, ग्लासातल्या दारूत नाही. आंबवणं, दोनदा गाळणं, पिंपात वर्षानुवर्षं ठेवणं यात त्यातला बराचसा वाटेतच राहतो. हे मला वाचून माहीत होतं, जिभेला मात्र तिथेच कळलं.

डिस्टिलरी 1881 ची, हार्वी बंधूंनी बांधलेली, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे लगेच लॉक इंडाल या खाडीचं पाणी. 1994 मध्ये बंद पडली, 2001 मध्ये मार्क रेनियर आणि मंडळींनी परत सुरू केली, बेटावरच्याच बोमोर डिस्टिलरीचे जिम मॅकएवन त्यांच्याकडे आले, आणि 2012 मध्ये रेमी क्वांत्रो या फ्रेंच दारू कंपनीने 5.8 कोटी पाउंडाला घेतली. आत मात्र अजून जुनी लोखंडी यंत्रं, वरून उघडा मॅश टन (दळलेला सातू गरम पाण्यात भिजवायचं भांडं), आंबवायच्या लाकडी टाक्या. आणि उंच निमुळत्या मानेची तांब्याची स्टिल्स, म्हणजे दारू गाळायची भांडी, ती बघून बायको म्हणाली "आजीकडचा बंब!" आणि खरंच, फक्त दुमजली बंब. (2003 मध्ये यांच्या वेबकॅमवर एका अमेरिकन लष्करी एजन्सीने नजर ठेवली होती, कारण म्हणे रासायनिक अस्त्रांचा कारखाना दिसायला असाच असतो.)

आता चव.

क्लासिक लॅडी, ती समुद्री निळ्या बाटलीतली बिनधुराची ब्रुकलॅडी, 50 टक्के अल्कोहोल. आपल्याकडच्या बाटलीवर 42.8 छापलेलं असतं त्या हिशोबाने कडक, पण पिताना तसं वाटत नाही. मी आपला ग्लास हलवून पेअर, मध, लिंबाची साल असं काय काय शोधत होतो, तेवढ्यात बायकोने माझा ग्लास घेऊन एकदा हुंगला आणि म्हणाली सातूचं पीठ, गूळ आणि दूध घालून. संपला विषय. पुढे मला दुसरं काही येईचना. ती गाडी चालवणार होती म्हणून नुसती हुंगत होती, स्कॉटलंडमध्ये गाडी चालवणाऱ्याला दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम, त्यामुळे एक घोट पण नको. चालवणाऱ्याला त्याच्या वाट्याचं छोट्या बाटल्यांत भरून देतात, म्हणजे संध्याकाळची सोय.

पोर्ट शार्लट 10, ही पण 50 टक्के, अमेरिकन व्हिस्कीची आणि फ्रेंच वाइनची पिंपं. याचा धूर दवाखान्यातला नाही, लाफ्रॉइगला जो आयोडीनचा बँडेजछाप वास येतो तो इथे नाहीच. इथे आहे गॅसवर भाजलेलं भरताचं वांगं, साल काढताना बोटांना लागतो तो वास, मागून समुद्राचा खार आणि मग जराशी टॉफी. घोट गिळल्यावर पाच मिनिटं तोंडात राहते. मला ही फार म्हणजे फारच आवडली.

ऑक्टोमोर. पाच वर्षांची, साठीच्या आसपास टक्के, किंमत पोर्ट शार्लटच्या दुप्पट-अडीचपट. मी होळीत तोंड घालायच्या तयारीने घोट घेतला आणि पहिल्यांदा आलं काय तर गोड! व्हॅनिला, ओला सातू, आणि धूर नंतर खालून, राखेसारखा कोरडा. पोर्ट शार्लटच्या दुप्पट-तिप्पट धूर? अजिबात नाही. कडकपणा जास्त, धूर फार तर सव्वापट.

रात्री बी अँड बीच्या (घरगुती लॉजच्या) खोलीत उरलेल्या बाटल्या उघडल्या, बाथरूममधले दात घासायचे दोन ग्लास (एकाला टूथपेस्टचा वास, तो मला), पाण्याला चहाचा चमचा. ऑक्टोमोरमध्ये एकेक थेंब टाकला तर ग्लासात तेलकट वेटोळी फिरली आणि रंग किंचित गढूळ झाला, कारण हे लोक व्हिस्की थंड करून तिच्यातले तेलकट अंश गाळून काढत नाहीत (रंगही घालत नाहीत). सात-आठ थेंबांनंतर मात्र ती खुलली, पेरूसारखं काहीतरी आलं, धूर पण मऊ झाला. तेव्हा मान्य केलं की दारू भारी आहे, आकड्याचे पैसे मात्र जास्त आहेत. बरोबर नेलेला लसणाचा चिवडा त्यानंतर खाल्ला, आधी नाही, आधी खाल्लात तर तिन्ही सारख्याच लागतील. चकली चालते, पोर्ट शार्लटबरोबर तर झकास.

विकत आणली पोर्ट शार्लट, पन्नासेक पाउंड. बायकोने स्वतःच्या पैशांनी क्लासिक लॅडी घेतली, तिच्या मते धूर ज्यांना पाहिजे त्यांनी बंब पेटवावा. पहिल्यांदाच सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, मोड आणलेल्या सातूची व्हिस्की) घेणाऱ्याला मी पण तीच सांगेन. ऑक्टोमोर घ्यायची तर आधी बारमध्ये एक पेग मागून बघा, पाण्यासकट, मग ठरवा.

जाणार असाल तर टूर आणि फेरीतली गाडीची जागा दोन्ही आधी बुक करा, उन्हाळ्यात ऐनवेळी मिळत नाही. आणि बेटावर समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर हात दाखवतो, पहिले दोन तास आम्हाला वाटलं हेडलाइट चालू राहिलाय. तुम्ही पण दाखवा.