‘ओटिस स्पॅन इज द ब्लूज’: आठ महिन्यांच्या श्रवणानंतर

ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकारातील पियानोवादक ओटिस स्पॅन यांची ही ध्वनिमुद्रिका गेले आठ महिने मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकत आलो आहे. २३ ऑगस्ट १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये, कँडिड कंपनीसाठी नॅट हेंटॉफ यांनी ती ध्वनिमुद्रित करवून घेतली, तेव्हा शिकागोचे ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांच्यासोबत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात वाजवून स्पॅन यांना जेमतेम सात आठवडे झाले होते. साथीला आहे ती फक्त एक गिटार, ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांच्याकडून शिकलेल्या रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर यांची. ड्रम नाहीत, बासही नाही, आणि माझ्या मते तिचे मोल त्यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शिकागोत गिटार आणि हार्मोनिका ॲम्प्लिफायरमधून गाजू लागल्या आणि पियानो मागे पडला, असेच मी समजून होतो. या ध्वनिमुद्रिकेत मात्र ‘ग्रेट नॉर्दर्न स्टॉम्प’मध्ये डावा हात खर्जात एकट्याने लय ओढून नेतो आणि उजवा हात वरच्या पट्ट्यांवर बेधडक खेळत राहतो. मी मागवलेली तबकडी वाकलेली निघाली व ती बदलून मिळेपर्यंत दीड महिना गेला. तेवढ्या काळात फोनवर ऐकताना हा खर्ज जवळजवळ नाहीसाच होत असे. त्यामुळे निदान चांगले हेडफोन तरी हवेतच.

दहापैकी चार गाणी लॉकवूड गातात, हे मला सुरुवातीला खटकले होते. आता ‘लिटल बॉय ब्लू’ मी मुद्दाम ऐकतो, कारण गाणाऱ्याची ओळ संपेपर्यंत थांबून, नेमक्या रिकाम्या जागेत चार स्वर ठेवून पुन्हा मागे सरणारा साथीदार स्पॅन तेथेच उलगडतो. शेवटचे ‘वरीड लाइफ ब्लूज’ हे पियानोवादक-गायक बिग मॅसिओ यांचे १९४१ चे गाणे. १९४६ मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. त्यांचे भारदस्त वादन शिकागोच्या नव्या वाद्यवृंदांत पुढे चालवले ते प्रामुख्याने स्पॅन यांनी.

‘हूची कूची मॅन’ हे १९५४ चे मडी वॉटर्स यांचे गाणे मी वर्षानुवर्षे गिटार आणि हार्मोनिकेसाठीच ऐकत होतो. परवा ते पुन्हा लावले. थांबत थांबत येणारा ठेका संपून ध्रुवपदात सारी वाद्ये मोकळी सुटली आणि मला सर्वांत आधी ऐकू आला तो स्पॅन यांचा उजवा हात.