५१२ जीबीचं कार्ड, ‘लॉसलेस’ गाणी आणि आमची फसवणूक

गाणी भरलेलं मेमरी कार्ड कुणी स्वस्तात देत असेल तर घेण्याआधी हे वाचा. आमचे ३,५०० रुपये गेले. पण अप्पांनी जन्मभर जीव लावून ऐकलेलं गाणं असं बिघडवून त्यांच्या कानावर घातलं गेलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

अप्पा मिरजेचे, रेल्वेतून निवृत्त. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेला लहानपणापासून रात्र-रात्र बसलेले. मोबाईलवर ऐकताना मध्येच फोन येतो, जाहिरात लागते, म्हणून त्यांच्यासाठी बटणांचा, कार्ड घालता येणारा छोटा प्लेअर घेतला. प्लेअरबद्दल तक्रार नाही. फसलो ते कार्ड, गाणी आणि इअरफोन यांत, सांगलीतल्या एका दुकानात.

दुकानदार बोलायला गोड. “ताई, पाचशे बारा जीबी हाय. शास्त्रीय, नाट्यसंगीत सगळं फ्लॅकमध्ये भरून देतो. ओरिजिनल लॉसलेस, एमपी-थ्री न्हवं.” (फ्लॅक ही ‘लॉसलेस’, म्हणजे आवाज जराही न गमावता साठवलेली फाइल; एमपी-थ्रीत फाइल लहान करायला आवाजाचा काही भाग कापलेला असतो.) कार्ड लॅपटॉपला लावून त्याने क्षमता दाखवली, गाण्यांची लांबलचक यादी दाखवली, एकेक फाइल ३० एमबीची आहे तेही दाखवलं. दाखवलं ते सगळं खरं वाटण्यासारखंच होतं, आणि त्यातून सिद्ध मात्र काहीच होत नव्हतं.

घरी आल्यावर सुरुवातीची गाणी वाजली. पुढची काही मध्येच तुटायची, आणि यादीच्या शेवटाकडची तर उघडतच नव्हती. कार्ड रिकामं करण्याआधी त्यातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवलं आणि एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम लावला. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतो. आत निघाले जेमतेम ३२ जीबी. अशा बनावट कार्डांत चिप लहानच असते; तिच्या कंट्रोलरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या भागाला, खोटी क्षमता सांगायला लावलेलं असतं. लॅपटॉप तोच आकडा दाखवतो. खरी जागा संपली की पुढचं लिखाण जुन्यावर बसतं किंवा हवेत विरतं. गाण्यांच्या नावांची यादी बहुधा कार्डाच्या सुरुवातीला असल्यामुळे शाबूत राहते आणि गिऱ्हाइकाला सगळी गाणी ‘आहेत’ असं दिसतं. मॅक किंवा लिनक्सवर याच कामासाठी एफ-थ्री वापरतात. मोठ्या कार्डाला रात्रभर वेळ लागू शकतो, पण ही चाचणी टाळू नका.

जी गाणी वाजत होती त्यांचं दुखणं अप्पांनी पकडलं. प्लेअर कानाला लावून ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “अगं, यातली जवारीच गेलीय की.” तानपुऱ्याची तार छेडल्यावर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) जो वर-वर उलगडत जाणारा नाद उठतो, जो जमवण्यासाठी तारेखाली सुताचा धागा इकडे-तिकडे सरकवतात, तो नादच गढूळ झाला होता. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानांत वावरलेल्या माणसाला ते न कळणं शक्यच नव्हतं. मलाही दोनदा ऐकल्यावर कळलं.

त्यातला एक राग आमच्याकडे सीडीवर होता. सीडीवरचा आणि कार्डातला, दोन्ही स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडले. आवाज किती उंचीपर्यंत (किलोहर्ट्झमध्ये) पोचतो ते तो आलेखात दाखवतो. सीडीचा आलेख २० किलोहर्ट्झच्या वर पोचत होता. कार्डातल्या फ्लॅकचा १६ ला पट्टीने कापल्यासारखा सरळ तुटलेला, अगदी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे बरंच दाबलेल्या) एमपी-थ्रीत साधारण तिथेच कात्री लागते. म्हणजे एमपी-थ्रीवरूनच फ्लॅक बनवलं होतं. पाच मिनिटांचं स्टिरिओ गाणं सीडीवर सुमारे ५० एमबी घेतं, फ्लॅकमध्ये साधारण २५ ते ३५, आणि १२८ च्या एमपी-थ्रीत ५ च्या आसपास. एमपी-थ्रीचं फ्लॅक केलं की फाइल फुगते, पण गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून फाइलच्या आकारावर जाऊ नका.

ही कसोटी जुन्या तबकड्यांना मात्र लावू नका. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या ७८ आरपीएमच्या मोनो तबकड्यांत वरच्या पट्टीतला आवाज मुळातच फार थोडा उतरलेला आहे. आलेख तिथे खालीच राहणार. आणि याच कारणासाठी अशा गाण्यांवर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ (सीडीपेक्षाही बारीक नोंद) म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. मूळ सीडी जवळ असेल तर घरीच फ्लॅक करा. चालता-फिरता ऐकायला ३२० चं एमपी-थ्रीसुद्धा पुष्कळ चांगलं असतं.

इअरफोनच्या डबीवर नावाजलेल्या कंपनीचं नाव होतं. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला, त्याची नोंदच नव्हती.

परत गेल्यावर सूर बदलला. “तुमचा प्लेअर जुना हाय,” मग “गाणी भरलेला माल परत होत न्हाई,” आणि शेवटी “आणा, फॉरमॅट करून देतो.” आधी बिल मागितलं होतं तेव्हा चिठ्ठीवर ‘मेमरी + हेडफोन ३५००’ एवढंच लिहून दिलं होतं, ना शिक्का ना सही. बिल का नाही, हेही आता उघड आहे. कॉपीराइट असलेली गाणी परवानगीशिवाय भरून विकणं बेकायदा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो.

पैसे यूपीआयने दिले होते, ती नोंद कामाला आली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही. चिठ्ठी, यूपीआयची नोंद, चाचणीच्या निकालाचे आणि दोन्ही आलेखांचे फोटो एकत्र ठेवा, आणि कार्ड फॉरमॅट करायला दुकानदाराच्या हातात देऊ नका. तो तेच मागतो.